खात्रीबाई आणि पहिला खण

कुलूप लावून झाल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. जिन्यापर्यंत जाऊन, परत येऊन, पुन्हा ओढणारी थोडी. आणि खाली फाटकापर्यंत पोचल्यावर छत्री विसरल्याचं सोंग करून वर येणारी आणि तिसऱ्यांदा ओढणारी त्या हॉस्पिटलात एकच होती. तिला सगळे खात्रीबाई म्हणत. तोंडावर अर्थात ताई.

हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर ठेवलेली खोली तिच्या ताब्यात होती. चौथ्या मजल्याच्या टोकाला, खिडकी नसलेली, बारा महिने गारठलेली आणि एकसारखी घोंघावणारी. आत जाताना ती स्वेटर घालायची आणि बाहेर आली की काढायची. त्या खोलीत तिच्याशिवाय कुणी एकट्याने थांबायचं नाही, असा नियम होता. तो कुणी केला हे कुणाला आठवत नव्हतं, म्हणजे तिनेच केला असणार.

स्वभावच तसा. भाजीवाल्याने हसून दोन मिरच्या जास्त टाकल्या तर घरी आल्यावर ती आधी भाजीच्या तळाशी काय सडकं आहे ते बघायची. लग्नाचंही त्यातच फिसकटलं. एक स्थळ चांगलं आलं होतं. मुलगा छापखान्यात नोकरीला आहे असं सांगितलं होतं. हिने छापखान्यात फोन करून, असा कुणी तिथे खरंच कामाला आहे का, अशी चौकशी केली. तो खरंच होता. इतका, की फोन त्यानेच उचलला. त्यानंतर त्या घरून निरोप आला नाही आणि हिलाही, फोनवर आवाज जरा जास्तच गोड होता, असं वाटत राहिलं.

आता हसायला ठीक आहे, पण ही शंका काही तिने बाजारातून आणलेली नव्हती. घरातच मिळाली होती.

तिचे बाबा बसस्टँडवरच्या सामानघरात होते. प्रवाशांनी पेट्या, वळकट्या ठेवायला द्यायच्या. बाबा पितळेच्या बिल्ल्यांची जोडी काढायचे, एक बिल्ला सामानाला बांधायचे, दुसरा प्रवाशाच्या हातात द्यायचे. दोन्हीवर एकच आकडा. परत येणाऱ्याने बिल्ला दाखवायचा आणि सामान न्यायचं. माणूस कोण, कुठला, हे बाबांनी विचारायचं नाही. बिल्ला म्हणेल तेच खरं. एकदा सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला दाखवून एक माणूस ट्रंक घेऊन गेला. संध्याकाळी दुसरा माणूस आला, त्याच्याही हातात सत्तेचाळीसच. तोही खराखुरा, पितळेचा, तसाच झिजलेला. ट्रंक या दुसऱ्याची होती; मागे उरली ती सत्तेचाळीसच बांधलेली एक फाटकी वळकटी.

मॅनेजरने बाबांवर ठपका ठेवला. बिल्ला तुम्हीच बनवलात, ट्रंक तुमच्याच माणसाने नेली. बाबा म्हणाले, "साहेब, मी बनवलेला नाही. कारखान्यातूनच दोन जोड्या एका आकड्याच्या आल्या असतील." मॅनेजर हसला. कारखाना कधी चुकतो का? चुकतो तो माणूस. बाबांची नोकरी गेली. पुढची सगळी वर्षं त्यांनी एका मैदानाची राखण करण्यात काढली. संध्याकाळी मुलांचे चेंडू गोळा करून ठेवायचे आणि रात्री जेवताना एखाद्या दिवशी, काहीही विषय नसताना, म्हणायचे, "कारखान्यातूनच आले असतील."

आई मान हलवायची. मुलगी ताटात बघायची.

कारण मुलीने एक गोष्ट पाहिली होती. बाबांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात लोखंडी ठसे होते, आकडे ठोकायचे. पितळेवर ठेवायचा, वरून हातोडी मारायची, की आकडा उमटतो. बिल्ल्यावर उमटतो तसा. मैदान राखणाऱ्या माणसाला ठसे कशाला हवेत? तिने हे कुणाला विचारलं नाही. बाबांना तर नाहीच. ते गेले तेव्हा ती रडली, खूप रडली, आणि रडतानाही मनाच्या कोपऱ्यात शंकेची पाल चुकचुकतच होती. अशा मुलीने पुढे जगात कुणावर विश्वास ठेवायचा? बापावर नाही ठेवला, तर भाजीवाल्याची काय कथा.

हे काम मात्र तिला मनापासून आवडलं, आणि ते का आवडलं हे समजायला त्या खोलीतली पेटी समजून घ्यायला हवी. फार अवघड नाही.

लोखंडी पेटी, उभ्या कपाटात आडवी बसवलेली. कंपनीवाले तिला चॅसिस म्हणतात. तिला पुढून खण. प्रत्येक खणात पुस्तकासारखा उभा सरकवायचा एकेक सर्व्हर. त्याला ब्लेड म्हणतात. तारांनी एकमेकांना जोडलेल्या जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक पत्ता असतो, लांबलचक आकड्या-अक्षरांचा. निरोप त्या पत्त्यावर जातात; पत्ता बघून ते वाटून देणारं मधलं यंत्र म्हणजे मेन स्विच. साध्या यंत्राचा पत्ता कारखान्यातच त्याच्या अंगावर कोरलेला येतो. या पेटीची गंमत अशी की इथे पत्ता ब्लेडला नसतो, खणाला असतो. खणात जो बसेल तो त्या खणाचा पत्ता लावणार. एक ब्लेड जळालं, काढलं, दुसरं सरकवलं, की बाहेरच्या जगाला बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही. माणूस बदलला तरी खुर्ची तीच.

आता खणांना वाटायचे पत्ते आणायचे कुठून? कंपनीनेच त्यांचे तयार गट करून दिलेले असतात. पहिला गट, दुसरा गट, तिसरा गट. पेटी बसवताना त्यातला एक निवडायचा, की खणांना पत्ते आपोआप मिळतात. एका जाळ्यावर दोन पेट्या असल्या तर दोघींचे गट वेगळे हवेत, एवढंच पथ्य. हॉस्पिटलात पेटी एकच होती. तिने ती बसवली तेव्हा पहिला गट घेतला आणि पहिल्या खणात लॅबचा सर्व्हर घातला, कारण रक्ताचे, लघवीचे, सगळे रिपोर्ट त्याच्यावरून वॉर्डात जातात आणि ते अडले की आख्खं हॉस्पिटल अडतं. कुठला गट घेतला हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. आणि समजा विचारलं असतं, तर का विचारतो म्हणून तिने त्याच्यावर डोळा ठेवला असता.

मग हॉस्पिटलला नवीन इमारत जोडली गेली, रुग्ण वाढले आणि दुसरी पेटी आली. पेटीबरोबर एक माणूस आला.

चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. करारावर घेतलेला, काम नीट झालं तर हॉस्पिटलचे साहेब कायम करणार होते. तिने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. पाहुणा आला तेव्हा चपला दारात काढल्या, "मॅडम, तुमची खोली फार स्वच्छ आहे हो," म्हणाला, आणि स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. झालं, तिला तिथेच खटकलं. इतकं चांगलं वागायचं कारण काय? कुठेतरी पाणी मुरत असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या खोलीतला कप विसळत नाही.

"त्याने कप विसळला नसता तर तू काय म्हणाली असतीस?" घरी आईने विचारलं.

"आळशी म्हणाले असते."

"मग त्या बिचाऱ्याने करावं तरी काय?"

"आई, तू कुणालाही बिचारा म्हणतेस."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाहुण्याने तिला बाहेरच्या वऱ्हांड्यात गाठलं. "मॅडम, तुमच्या पेटीला कुठला गट घेतलाय?"

तिचे कान टवकारले. "का हो?"

"सहज. म्हणजे मला माझा ठरवायचाय."

"तुमचा तुम्ही ठरवा की. माझ्या पेटीचं काय करायचंय तुम्हाला?"

तो जरा गोंधळला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, मी पहिला घेऊ का मग? चालेल ना?"

हा आता आडून विचारतोय, असं तिच्या मनाने घेतलं. नको म्हणावं तर माझा पहिला आहे हे याला कळणार. हो म्हणावं तर कबुली दिल्यासारखं. मधला रस्ता तिला चांगला येत होता. ती म्हणाली, "तुमच्या पेटीत तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या." आणि स्वेटरची बटणं लावत आत गेली. आपण काहीही बोललो नाही, याचं तिला दिवसभर समाधान होतं.

त्याच आठवड्यात लॅबचा सर्व्हर मुका व्हायला लागला.

मुका म्हणजे बंद नव्हे. सर्व्हर चालू, दिवे हिरवे, पंखे फिरतायत, पण निरोप पोचत नाहीत. थोड्या वेळाने आपोआप बोलायला लागतो, पुन्हा गप्प. लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा, "ताई, परत गेलं हो. खाली लोक ताटकळलेत." ही धावायची, तारा काढून घालायची, तोवर ते चालू. तिने तारा बदलल्या. ब्लेड बदललं. खणात नवं ब्लेड, पत्ता तोच, दुखणंही तेच.

यंत्र निर्दोष ठरल्यावर उरला माणूस. तिने पाहुण्यावर पाळत ठेवली.

आणि गंमत बघा, तिची शंका खरी ठरत गेली. पाहुणा आला की लॅब पडायची. पाहुणा जेवायला गेला की लॅब ठणठणीत. तो एक दिवस रजेवर होता, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आपणहून फोन करून सांगितलं की आज सगळं छान चाललंय. तो आपल्या पेटीसमोर बसून काहीतरी टाइप करायचा, ही मागून गेली की पडदा झाकायचा नाही, पण मान वळवून हसायचा. ते हसणं तिला पडदा झाकण्याहून वाईट वाटायचं. एकदा म्हणाला, "माझंही मध्येच तुटतंय हो. मेन स्विचचा पासवर्ड दिलात तर बघता येईल कुठे जातंय ते."

"तो कुणाला देत नाही," ती म्हणाली. मनात म्हणाली, आला मुद्द्यावर.

जिन्यात तो फोनवर हळू आवाजात बोलत होता तेही तिने ऐकलं. वरच्या पायरीवर थांबून, जोड्याची नाडी बांधत. तिच्या पायात सँडल होते, पण तो भाग वेगळा. "इतक्यात कुणाला बोलू नकोस," तो सांगत होता, "पक्कं झालं की मग बघू. हो, सामान तयार ठेव."

"झालं," ती रात्री आईला म्हणाली. "पळायच्या तयारीत आहे."

"अगं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला कधी कधी एकच गाठ पडते."

"हा कावळा रोज बसतोय आणि रोज फांदी तुटतेय, आई."

दुसऱ्या दिवशी खात्रीबाई साहेबांकडे गेली आणि तिने जे पाहिलं ते सगळं, काहीही तिखटमीठ न लावता, सांगितलं. तिखटमिठाची गरजच नव्हती.

साहेबांनी पाहुण्याला बोलावलं. "तुम्ही खोलीत असलात की लॅब बंद पडते, हे खरं आहे?"

"मला ठाऊक नाही साहेब. असेलही. माझी पेटी मी नीट बसवलीय."

"ताईंना विचारून केलंत ना सगळं?"

"हो. गट कुठला घ्यायचा ते विचारलं होतं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "ताई?"

ती म्हणाली, "मी त्यांना काही सांगितलेलं नाही."

अक्षर न् अक्षर खरं होतं ते. साहेबांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पाहुणा तिच्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण त्याने ब्र काढला नाही. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. पेनांपैकी एक हॉस्पिटलचं होतं, तेही ठेवलं.

जाताना तो चौथ्या मजल्यावर डबा घ्यायला आला. त्याने स्वतःच्या पेटीतलं एकुलतं एक ब्लेड बंद केलं. बाकीची अजून यायची होती. दारात म्हणाला, "ताई, माझ्या पेटीत काही चुकलेलं सापडलं तर कळवाल का? म्हणजे पुढच्या ठिकाणी तीच चूक नको व्हायला." आजवर मॅडम म्हणायचा, त्या दिवशी ताई म्हणाला. तिने मान हलवली. ती हो होती की नाही हे तिलाही सांगता आलं नसतं.

लॅब पुढे एकदाही पडली नाही. डॉक्टरीणबाई तिला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "तुमचं नाक म्हणजे नाक हो." साहेब म्हणाले, सुंठेवाचून खोकला गेला. दुसरं कुणी असतं तर खूश होऊन घरी गेलं असतं. पण शंकेखोर माणसाचं एक असतं, त्याला स्वतःच्या विजयाचाही संशय येतो. त्याने केलं हे ठरलं. पण केलं काय? आणि कशासाठी? चोरीला काहीच गेलं नव्हतं. पुरावा हातात नसताना निकाल लागलाय ही गोष्ट तिला झोपताना टोचायला लागली. पाहुण्याची दया आली म्हणून नव्हे, खात्री झाली नव्हती म्हणून.

सोमवारी दुपारी, चहाच्या वेळेला, तिने त्याची पेटी उघडली. पेटी म्हणजे तिच्यातल्या नोंदी, पडद्यावर. काहीतरी दडवलेलं असणार, ते शोधायचं. एकेक पान बघत गेली. सगळं नेटकं. तिने स्वतः केलं असतं त्याहून नेटकं, हे पाहून तिला रागच आला. शेवटी पत्त्यांच्या पानावर आली.

गट: पहिला.

पहिल्या खणाचा पत्ता तिने वाचला. वाचायची गरज नव्हती, तो तिला तोंडपाठ होता. तो लॅबच्या सर्व्हरचा पत्ता होता.

खोलीत बसायला एकच स्टूल होतं, त्यावर ती बसली. एका जाळ्यावर एका पत्त्याचे दोघेजण. त्याने आपलं ब्लेड चालू केलं की मेन स्विचला वाटायचं, हा पत्ता इकडे आहे. लॅबचे निरोप या नव्या पेटीत येऊन पडायचे. लॅबचा सर्व्हर बोलला की तिकडे. त्याचंही मध्येच तुटत होतं, खरंच तुटत होतं. जेवायला किंवा घरी जाताना तो ब्लेड बंद करून जायचा, म्हणून लॅब सुखी. यात कुणीही काहीही लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते एकाच माणसाने, आणि तो माणूस स्टुलावर बसला होता. इतके दिवस ती माणसाकडे बघत राहिली, पेटीकडे बघायचं राहूनच गेलं.

तरीही, खात्री. तिने लॅबला फोन करून विचारलं की आता अगदी थोडा वेळ काम थांबवलं तर चालेल का. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. मग तिने स्वतःच्या बोटाने पाहुण्याचं ब्लेड चालू केलं.

फोन वाजला. "ताई, गेलं हो परत! आला की काय तो?"

"नाही," ती म्हणाली. "मी आहे."

तिने ब्लेड बंद केलं आणि दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. दोन पेट्या, दोन्ही त्याच कारखान्यातल्या, दोघींच्या हातात कारखान्याने तोच पहिला गट ठेवलेला. तिच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. कारखान्यातूनच आले असतील. ते स्वतःच्या आवाजात ऐकल्यावर तिला हुंदका आवरला नाही.

आता खरं सांगायचं तर हे प्रकरण तिथेच गाडून टाकणं अगदी सोपं होतं. नव्या पेटीचा गट बदलून दुसरा करायचा. गट म्हणजे काय हे त्या इमारतीत दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं; कळणारा एकच होता, त्याला हाकलून दिलं होतं. तिचा हात माउसवर गेलाही. मग तिने तो काढून घेतला, स्वेटर न काढताच खाली उतरली आणि साहेबांच्या खोलीत गेली. कुलूप लावलं होतं की नाही हे तिला त्या दिवशी आठवलं नाही.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "पहिला घेऊ का, असं. माझा पहिला आहे, हे मी सांगितलं नाही. त्यामुळे झालंय सगळं."

साहेबांना निम्मं समजलं. निम्मं पुरेसं होतं. "तुम्ही तर म्हणालात, मला विचारलं नाही."

"मी म्हणाले, मी सांगितलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, झालं ते झालं. लॅब चालू आहे. आता त्याला बोलवायचं म्हणजे आपणच चुकलो असं होतं."

"आपण नाही, मी चुकले. बोलवा. नाहीतर माझंही ओळखपत्र ठेवून घ्या." हे ती दरडावून नाही बोलली. सबंध आयुष्यात तिने कुणासाठी शब्द टाकल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. सवय नव्हती.

साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले आणि कबूल केलं. मात्र फोन तुम्हीच करा, म्हणाले. तिने फोन केला नाही. ती त्याच्या घरी गेली.

दोन खोल्या, अर्धं सामान खोक्यांत. पाहुण्याच्या बायकोने तिला बसायला खोकंच पुढे केलं. इथे कायम झालो की मोठी जागा घ्यायची, बायकोच्या आईलाही आणायचं, असं चाललं होतं. घर बघून ठेवलं होतं, पक्कं झालं की सगळ्यांना सांगणार होते. जिन्यातल्या फोनचा उलगडा खात्रीबाईला न विचारताच झाला. ती खोक्यावर अवघडून बसली आणि तिने सगळं सांगितलं, गट, खण, पत्ता, आणि वऱ्हांड्यातलं ते बोलणं.

पाहुणा ऐकता ऐकता कपाळाला हात लावून हसला. "अरे देवा. माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही घ्या म्हणालात, मला वाटलं तुमचा पहिला नसणार. असता तर तुम्ही सांगितलंच असतं ना."

सांगितलंच असतं. किती सहज बोलून गेला. त्याने तिला चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"साहेबांसमोर तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणालात सांगितलं नाही, ते खरंच होतं. राग आला होता. येणारच. पण वाटलं, तुम्ही एकदा तरी पेटी उघडून बघालच. खात्री केल्याशिवाय तुम्ही राहत नाही, असं सगळे म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी तो आला, चपला दारात काढल्या. तिने मेन स्विचचा पासवर्ड त्याला सांगितला आणि सांगताना, हे मान्य करायला हवं, एकदा मागे वळून पाहिलं. जित्याची खोड. त्याने आपल्या पेटीला दुसरा गट दिला, ब्लेड चालू केलं, आणि दोघं फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई खिडकीशी शर्टाचं बटण लावत होती. ती आईसमोर जमिनीवर बसली. "आई, बाबा खरं बोलत होते. कारखान्यातून एकसारखे दोन येतात."

"हे मला कशाला सांगतेस? मला ठाऊक आहे."

"मला नव्हतं." मग इतक्या वर्षांचं ते एकदाचं बाहेर आलं. "मी ते ठसे पाहिले होते. पलंगाखालचे."

आईने सुई शर्टात खोचून ठेवली. उठली, गुडघे धरत आत गेली आणि पत्र्याचा तो डबा घेऊन आली. आत एक लाकडी ठोकळा होता, त्याला ओळीने खाचा, प्रत्येक खाचेत एकेक ठसा, आपापल्या आकड्याच्या जागी. "झिजलेले बिल्ले पुन्हा ठोकायला ऑफिसनेच दिले होते हे. सातचा बघ."

सातची खाच रिकामी होती.

"पहिल्यापासून नव्हता. सत्तेचाळीस ठोकणार कशाने? त्यांनी हे मॅनेजरला दाखवलं. तर तो म्हणाला, आता टाकून दिला असाल."

खात्रीबाईने त्या रिकाम्या खाचेत बोट घालून पाहिलं. आणि खोटं कशाला बोला, तिच्याही मनात क्षणभर तेच आलं: टाकून दिला असेल. सवयीने आलं. बोट तिथेच ठेवून तिने तो विचार गिळला, आणि तिला त्या मॅनेजरचा चेहरा पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

"बाबांनी मला का दाखवलं नाही हे?"

"तुला शंका आहे हे त्यांना कळत होतं गं. मी म्हणायचे, दाखवा पोरीला, मिटवून टाका एकदाचं. तर म्हणायचे, मॅनेजरला दाखवलं तसं तिला नाही दाखवणार. ती आपली आहे. ती विचारेल तेव्हा सांगेन."

आईने सुई पुन्हा हातात घेतली, दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं.

"वाट बघायचे ते. जेवताना मुद्दाम विषय काढायचे, तू विचारशील म्हणून."